देश नव्हता तेव्हाचं राष्ट्रीय म्युझियम: मामांबरोबर न्यूरंबर्गचे चार दिवस

दिवस पहिला, सोमवार

स्टुटगार्टहून न्यूरंबर्गला जायचं सगळं प्लॅनिंग माझं, त्यामुळे सोमवारी म्युझियम बंद असतं हे न बघण्याचा गाढवपणाही माझाच. मामा सांगलीहून महिनाभरासाठी आलेत, बँकेतून रिटायर होऊन आठ वर्षं झाली, आणि त्यांचा एकच नाद म्हणजे अडकित्ते. जुने, पितळी, लोखंडी, मोराच्या आकाराचे, कसले कसले, घरी एका ट्रंकेत चाळीसच्या वर आहेत आणि मामी त्या ट्रंकेला सवत म्हणतात. तर अशा माणसाला जर्मनीत काय दाखवायचं? किल्ले बघून कंटाळले, चर्चबद्दल "एक बघितलं की सगळी बघितली" असं म्हणून झालं, म्हणून मग गेर्मानिशेस नात्सिओनालमुझेउम. नाव म्हणताना जीभ वळत नाही, पण जर्मन भाषक जगाच्या संस्कृतीचं हे सगळ्यात मोठं म्युझियम, वस्तूंची संख्या 13 लाखांच्या घरात, त्यातल्या 25 हजारांच्या आसपास मांडलेल्या. मामा म्हणाले, "म्हणजे अडकित्ता असणार."

गाडी पन्नास मिनिटं लेट. हॉटेलात सामान टाकलं, उड्या मारत कार्टॉयझरगासे गाठली तर काचेचं दार बंद. मामांनी माझ्याकडे बघितलं फक्त. वर सोमवार म्हणजे मामांचा उपास, त्यामुळे गावभर सॉसेज भाजल्याचा वास आणि आम्ही बाकड्यावर बसून खजूर आणि केळी खातोय. नंतर एका ठिकाणी बटाट्याचे फ्राइज मिळाले, ते उपासाला चालतात का यावर थोडी चर्चा झाली आणि चालतात असं ठरलं.

दार बंद होतं पण गल्ली उघडी होती आणि खरं सांगायचं तर ती गल्लीच बघण्यासारखी आहे. पांढरे गोल खांब ओळीने उभे, चांगले दोन मजली उंच, प्रत्येकावर मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं एक कलम, जर्मनमध्ये आणि जगातल्या आणखी एका भाषेत. 1993 मध्ये इस्रायलचा शिल्पकार दानी कारावान याने हे केलंय. कलमं 30 पण मामांनी मोजले तर खांब 27च, परत मोजले, परत 27. बँकेतला माणूस, तीनचा फरक असेल तर झोप लागत नाही. मग कळलं की दोन कलमं जमिनीत बसवलेल्या चकत्यांवर आहेत आणि एका खांबाच्या जागी झाड आहे. टॅली झाली.

मग संध्याकाळ रिकामीच होती म्हणून म्हणलं चला, हे म्युझियम जिथे सुरू झालं तिथे तरी जाऊ. चढण चढून किल्ल्याच्या खाली टीअरगेर्टनरटोर म्हणून वेशीचा बुरूज आहे, समोर चित्रकार ड्यूररचं घर, चौकात पोरंपोरी फरशीवर बसून बिअर पितायत. 1853 च्या सुमाराला या बुरुजात आणि जवळच्या टोप्लरहाउसमध्ये भाड्याच्या जागेत म्युझियम चालायचं. जर्मन राष्ट्राचं म्युझियम आणि जागा भाड्याची, आणि त्याहून गंमत म्हणजे राष्ट्रच नव्हतं. 1852 मध्ये जर्मनी नावाचा देश नकाशावर नाही, तीसपेक्षा जास्त छोटीमोठी राज्यं, प्रत्येकाचा आपापला राजा नाहीतर ड्यूक नाहीतर शहराचं कौन्सिल. देश झाला 1871 ला. म्हणजे नवरदेवाचा पत्ता नाही आणि मांडव आधी घातलेला.

मांडव घालणारा माणूस म्हणजे हान्स फोन उंड त्सू आउफझेस, फ्रँकोनियातला, म्हणजे याच भागातला जहागीरदार, जन्म 1801 चा. मामांना हा इसम लगेच आवडला कारण तोही मुळात जमवणारा. जुनी पुस्तकं, चित्रं, शिक्के, हत्यारं, कागद, जे मिळेल ते. 1832 ला त्याने जर्मन मध्ययुगावर नियतकालिक काढलं, पुढे वीस वर्षं सारखा लोकांच्या मागे लागलेला की सगळ्यांनी मिळून काहीतरी करू. शेवटी ऑगस्ट 1852 मध्ये ड्रेस्डेनला इतिहास आणि पुराणवस्तूवाल्यांची परिषद झाली, अध्यक्ष सॅक्सनीचा राजपुत्र योहान, तिथे ठराव पास झाला. जागेसाठी कोबुर्गचा किल्ला, वार्टबुर्ग अशी नावं चर्चेत होती, पण जमलं न्यूरंबर्गचं. या गावाला जुन्या पवित्र रोमन साम्राज्याचं वलय, सम्राटांचा मुकुट आणि राजचिन्हं 1424 पासून 1796 पर्यंत इथेच ठेवलेली.

मामा म्हणाले, "आपल्याकडे इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव दप्तरं शोधत फिरायचे, तसला दिसतोय हा." तुलना अगदी जुळत नाही, राजवाडे जहागीरदार नव्हते, पण मला वाद घालायचा नव्हता, पाय दुखत होते.

दिवस दुसरा, मंगळवार

दहाला दारात हजर. उपास संपलेला त्यामुळे मामांनी सकाळी साडेनऊलाच तीन छोटी सॉसेज पावात घालून खाल्ली होती, इथे त्याला द्राय इम वेग्ला म्हणतात, मोहरीची चटणी लावून. सॉसेज आपल्या बोटाएवढंच, पण मामांच्या मते कोल्हापुरी मटणापुढे हे म्हणजे आजाऱ्याचं जेवण.

आत गेल्यावर पहिला धक्का असा की ही एक इमारत नाहीच. काचेचा मोठा हॉल, तिथून वळलो की एकदम जुना मठ, दगडी कमानी, मधे अंगण, मग परत साठीच्या दशकासारखी सरळ रेषांची बिल्डिंग, मग परत जुनं. दोनदा हरवलो. मठ कार्थुसियन साधूंचा, 1380 मध्ये मार्क्वार्ड मेंडेल नावाच्या व्यापाऱ्याने बांधलेला. हे साधू एकमेकांशी बोलायचे नाहीत, प्रत्येकाची वेगळी छोटी खोली, त्यातल्या काही अजून आहेत. 1525 ला हे शहर मार्टिन ल्यूथरच्या प्रोटेस्टंट पंथाच्या बाजूला गेलं आणि मठ बंद, पुढे चर्चमध्ये लष्कराचं गवत काय, घोडे काय, अशी अवस्था. 1857 मध्ये हे सगळं पडीक आवार म्युझियमला मिळालं. मामा कमानीखाली उभे राहून बराच वेळ वर बघत होते, मला वाटलं आर्किटेक्चर आवडलं, तर म्हणाले, "गळत असेल रे पावसाळ्यात. दुरुस्तीला किती खर्च आला असेल?"

आता जे मला तोपर्यंत माहीत नव्हतं आणि कळल्यावर फार आवडलं ते सांगतो. आउफझेसला मुळात वस्तू जमवायच्या नव्हत्याच, म्हणजे त्याच्या स्वतःच्या होत्या, पण म्युझियमचं मुख्य काम त्याच्या डोक्यात यादी हे होतं. जर्मन इतिहास, साहित्य आणि कला यांची जी काही साधनं जगात जिथे कुठे असतील, कुठल्या मठात, कुठल्या राजाच्या कपाटात, त्या सगळ्यांची एक नीट लावलेली महासूची. मूळ वस्तू असेल तिथे असू दे, आपल्याकडे नोंद पाहिजे, शक्य असेल तर नक्कल पाहिजे. कॉम्प्युटर नसताना, देश नसताना, पैसे नसताना! आज आपण ज्याला डेटाबेस म्हणतो तो हा माणूस चिठ्ठ्यांवर करायला निघाला होता. अर्थात ते पूर्ण होणं शक्य नव्हतं. 1862 ला तो बाजूला झाला, त्याचा खाजगी संग्रह म्युझियमने विकत घेतला आणि त्यात बव्हेरियाचा गादी सोडलेला राजा लुडविग पहिला याने पैशाची मोठी मदत केली. 1872 ला आउफझेस गेला, म्हणजे ज्या देशाची वाट बघितली तो त्याला जेमतेम वर्षभर बघायला मिळाला.

खरं म्युझियम केलं ते पुढच्या माणसाने, आउगुस्ट एस्सेनवाइन, 1866 पासून 1892 पर्यंत संचालक. हा आर्किटेक्ट. त्याने यादीचं वेड आवरतं घेतलं आणि वस्तू आणायला लागला, एकेका विषयाची पूर्ण मालिका लागली पाहिजे असा हट्ट, मूळ मिळालं नाही तर प्लास्टरचा ठसा. आणि बांधकाम तर विचारू नका. गावात ऑगस्टिनियन साधूंचा मठ पाडायला काढला होता, ह्याने त्याचे दगड आणून म्युझियमच्या आवारात परत उभे केले. म्हणजे म्युझियमची बिल्डिंग हीच जमवलेली वस्तू. आम्ही ज्या जुन्या कमानीखालून चाललो होतो त्यातला कुठला तुकडा मुळात इथला आणि कुठला बाहेरून आणलेला हे मला तरी ओळखता आलं नाही.

नावाचा घोळही इथेच मिटवतो कारण मामांनी तिसऱ्यांदा विचारलं, "जर्मन का नाही, गेर्मानिश का?" आज गेर्मानिश म्हणलं की भाले घेतलेले जुने टोळीवाले डोळ्यापुढे येतात. त्या काळी तसं नव्हतं, भाषा, कायदा आणि इतिहास अभ्यासणारे सगळे विद्वान स्वतःला गेर्मानिस्ट म्हणवायचे, 1846 ला फ्रँकफुर्टला त्यांची मोठी परिषद याकोब ग्रिमच्या अध्यक्षतेखाली झाली होती, हो तोच परीकथांवाला. तर गेर्मानिश म्हणजे जर्मन बोलणाऱ्यांचा सगळा मुलूख. म्युझियमचं ब्रीद होतं, जर्मन राष्ट्राची मालमत्ता. कुठल्या राजाची नाही. हे 1850 च्या दशकात लिहिणं म्हणजे थोडं धाडसच, कारण थोड्याच वर्षांपूर्वी 1848 च्या क्रांतीतून निघालेली संसद गुंडाळली गेली होती. त्या संसदेसाठी प्रकाशकांनी फुकट पुस्तकं दिली होती, साडेचार हजारांच्या वर, देशाची लायब्ररी होईल म्हणून. देश झाला नाही, संसद गेली, पुस्तकं उरली, आणि 1855 ला ती आली कुठे तर इथे. अनाथ पोरं मामाकडे येतात तशी. (हे वाक्य मामांना ऐकवलं तर म्हणाले, माझ्याकडे तूच आलास तेवढा.)

दुपारी मामांचे पाय भरून आले आणि कॅफेत बसलो तेव्हा चार वाजून गेले होते. मधे बघितलेलं पटापट सांगतो. एझेल्सडोर्फचा सोन्याचा शंकू, कांस्ययुगातला, 88 सेंटिमीटर उंच, टोपी होती म्हणतात, आणि पत्रा इतका पातळ की सगळं वजन तीनशे ग्रॅमच्या आसपास. 1953 ला एक कामगार झाडाचं खोड उकरत होता, कुदळीला पत्रा लागला, नडतोय म्हणून तुकडे केले! नंतर कुणीतरी ओळखलं. मामांनी लगेच मोबाईलवर तोळ्याचा आजचा भाव काढला आणि गुणाकार करून गप्प बसले. मग एष्टरनाखच्या मठातलं सोनेरी शुभवर्तमान, म्हणजे बायबलातला येशूच्या चरित्राचा भाग, अकराव्या शतकातलं, सोन्याच्या शाईने लिहिलेलं, 1955 मध्ये 11 लाख मार्कांना घेतलं. युद्धात गाव भुईसपाट झालेलं, घरं बांधणं चालू, आणि हे लोक 11 लाख मार्कांचं पुस्तक घेतायत. मला हे बरोबर वाटलं की चूक हे अजून ठरवता आलेलं नाही.

दिवस तिसरा, बुधवार

बुधवारी म्युझियम उशिरापर्यंत उघडं असतं त्यामुळे आम्ही सकाळी दुसरीकडे गेलो, कोर्टरूम 600. जिथे 1945-46 ला नाझी नेत्यांवर खटला चालला. मामा तिथे एक शब्द बोलले नाहीत. मीही जास्त लिहीत नाही. फक्त एवढंच डोक्यात राहिलं की 1935 चे ज्यूंविरुद्धचे कायदेही याच गावाच्या नावाने ओळखले जातात, आणि म्हणून परवा बघितलेली ती खांबांची गल्ली नेमकी इथे, एका राष्ट्रीय म्युझियमच्या दारात का आहे ते दुपारी परत तिच्यातून जाताना जास्त कळलं.

आज ग्लोब. आम्ही खरं तर यासाठीच आलो होतो, म्हणजे मी. मार्टिन बेहाइमचा पृथ्वीगोल, 1492 चा, आज जगात शिल्लक असलेल्यांमध्ये सगळ्यात जुना. कलिंगडापेक्षा मोठा, 51 सेंटिमीटर व्यास, रंग इतका काळवंडलाय की आधी काही दिसतच नाही, डोळे सरावले की हळूहळू अक्षरं वर येतात. बेहाइम न्यूरंबर्गचाच, पोर्तुगालला जाऊन राहिलेला व्यापारी, गावच्या कौन्सिलने त्याच्याकडून करून घेतला. त्याच वर्षी कोलंबस निघालेला, त्यामुळे गोलावर अमेरिका नाही, युरोपातून पश्चिमेला निघालं की समुद्र, बेटं, जपान, आशिया. भारत शोधला, आपला ओळखीचा खाली उतरलेला त्रिकोण काही दिसला नाही, टॉलेमी या प्राचीन भूगोलकाराच्या जुन्या पद्धतीचा चपटा किनारा. सांगली तर सोडाच, कोकणच नाही. "वास्को द गामा यायला अजून सहा वर्षं आहेत," मी म्हणलं, "तोवर यांना काय कळणार."

पण शेजारच्या स्क्रीनवर गोलावरचा मजकूर उलगडून दाखवतात तिथे मसाल्यांबद्दल एक लांबलचक नोंद आहे. पूर्वेकडच्या बेटांवरून निघालेला मसाला आपल्या देशात गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत किती जणांकडून जातो, याचा हिशोब, एक एक करून तब्बल बारा टप्पे. प्रत्येक जण जकात घेतो, प्रत्येक जण नफा काढतो, म्हणून आमच्याकडे मसाला महाग. मी हे मराठीत सांगायला लागलो आणि मामा एकदम खुलले. त्यांच्या नोकरीची शेवटची दहा वर्षं मार्केट यार्डाच्या शाखेत गेली, हळदीचे सौदे डोळ्यासमोर बघितलेले. "हे तर आमचंच! शेतकरी, मग अडत्या, अडत वेगळी, हमाली वेगळी, तोलाई वेगळी, मग खरेदीदार, मग पॉलिशवाला, मग मुंबईचा व्यापारी…" बोटं मोजत बसले. पृथ्वीगोलासमोर सांगलीच्या हळदीचे नऊ टप्पे निघाले. तिथला गार्ड आमच्याकडे बघत होता, बहुतेक भांडण चाललंय असं वाटलं त्याला.

हा गोल शतकानुशतकं बेहाइम घराण्याकडे होता, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला म्युझियमकडे ठेवायला आला आणि 1937 ला म्युझियमच्या मालकीचा झाला. साल बघा. त्या वर्षांत जर्मन म्हणजे काय हे कोण ठरवत होतं ते सगळ्यांना माहीत आहे. आणि 1850 मध्ये ज्या शब्दाचा अर्थ भाषा आणि इतिहास होता त्याच शब्दाला मधल्या काळात रक्त आणि वंश चिकटले होते. 2 जानेवारी 1945 च्या बॉम्बहल्ल्यात जुनं न्यूरंबर्ग जवळजवळ संपलं, म्युझियमच्या इमारतींचंही अतोनात नुकसान झालं, वस्तू बऱ्याच आधीच हलवल्या होत्या म्हणून राहिल्या. नंतर झेप रूफ या आर्किटेक्टने पडलेल्या भागांच्या जागी साध्या, काचेच्या, उजेडाच्या बिल्डिंगा केल्या, काल मी ज्याला साठीच्या दशकासारखं म्हणलं ते हेच. एकीला पश्चिम जर्मनीचे पहिले राष्ट्राध्यक्ष टेओडोर हॉयस यांचं नाव आहे. जुन्यासारखं नवं बांधायचं नाही, असं ठरवलेलं दिसतं. मला ते पटतं.

पण मला या म्युझियमचं खरं कौतुक वाटलं ते एका घड्याळामुळे. डबीएवढं, गोल, इथला जुना घड्याळजी पेटर हेन्लाइनचं नाव आणि 1510 साल कोरलेलं. 1897 ला म्युझियमने घेतलं आणि जगातलं पहिलं खिशातलं घड्याळ म्हणून मिरवलं, शाळेच्या पुस्तकांत गेलं, 1942 ला हेन्लाइनचं टपाल तिकीट निघालं. न्यूरंबर्गचा अभिमानच. आणि मग 2014 मध्ये याच लोकांनी ते स्कॅनरखाली घालून, उघडून, एक प्रदर्शन भरवलं आणि नावातच प्रश्नचिन्ह टाकलं. निष्कर्ष असा की वेगवेगळ्या काळातले भाग नंतर एकत्र जोडलेत, 1510 चं अखंड घड्याळ हे नाही. आपल्या ताजातला हिरा काच आहे असं आपणच पेपरात द्यायचं! उलटंही झालंय बरं का. रेम्ब्राँटच्या तरुणपणाच्या एका सेल्फ पोर्ट्रेटची दोन चित्रं, एक हेगला, एक इथे, वर्षानुवर्षं हेगचं खरं आणि इथलं नक्कल असं धरलं जायचं, तपासणी झाली तर इथलंच अस्सल निघालं. मामा म्हणाले, "म्हणजे एक गेलं, एक आलं, खातं बरोबर."

1933 ते 1945 मध्ये जे जे म्युझियमने घेतलं त्याचीही त्यांनी स्वतःच झडती घेतली आहे, कुठली वस्तू कुणाकडून आली, विकत घेतली की ज्यू कुटुंबाला देशोधडीला लावून बळकावलेल्यातली आहे. मी हे सांगत असताना मामा विचारात पडलेले. "प्रत्येक वस्तूचं?" हो, म्हणलं. "आणि कुठून आली ते माहीत नसेल तर?" तर तसं लिहितात. "हं."

त्यानंतर ड्यूररने काढलेलं त्याच्या आईचं चित्र बघितलं, बार्बारा, अठरा मुलांची आई, पांढरं वस्त्र डोक्यावरून घेतलेलं. मामा तिच्यासमोर दोन दिवसांत सगळ्यात जास्त वेळ उभे राहिले. आजी तशीच पदर घ्यायची. आम्ही दोघांनीही हे बोलून दाखवलं नाही.

आणि 1639 ची बाहुलीची हवेली, श्ट्रोमर कुटुंबाच्या नावाची, हात लावावासा वाटतो इतकं बारीक स्वयंपाकघर, ताटल्या, परातीसारखं काहीतरी, तळघरात पिंपं. अडकित्ता नव्हता. विचारून घेतलं. सुपारी माहीत नाही म्हणल्यावर कसला अडकित्ता.

दिवस चौथा, गुरुवार

सकाळी जिंजरब्रेडचे डबे घेतले, लेबकुखन, मामींसाठी दोन आणि आईसाठी एक. स्टेशनवर आलो, गाडी यावेळी वेळेवर, जागा टेबलाची.

मामांनी पिशवीतून वही काढली, म्युझियमच्या दुकानातून घेतलेली, मला पत्ताच नाही कधी घेतली. पट्टीने रकाने आखले. अनुक्रमांक, वर्णन, धातू, कुठून आला, कधी. आउफझेसचं भूत सांगलीत उतरलं असं मनात म्हणलं आणि खिडकीबाहेर बघत बसलो. मामा आठवून आठवून लिहीत होते, पंढरपूर यात्रा, मिरजेचा भंगारवाला, कुठल्या तरी खातेदाराने दिलेला, तिथे थांबले, खातेदाराकडून घेतला हे लिहावं की नाही यावर विचार करून लिहिलं. आन्सबाख गेलं. सोळापर्यंत आले आणि पेन थांबलं.

"सतरा नंबरचा म्हणजे तो पितळी, मोराचा. तुझ्या आजीचा."

"मग लिहा ना, आईकडून."

"तिने मला दिला नव्हता. म्हणजे ती गेल्यावर मी आणला. तुझ्या आईला वाटतंय तो हरवला."

मी काही बोललो नाही. मामांनी "कुठून आला" च्या रकान्यात "घरातून" असं लिहिलं, बघितलं, खोडलं. मग बराच वेळ पेन हातात धरून बसले आणि शेवटी म्हणाले, "तुझ्या आईला फोन लाव. नाही, थांब, भारतात आता किती वाजलेत?"